आजोबांची पडद्यावरची मरणं

माझ्या आजोबांना मी निदान शंभरदा मरताना पाहिलं आहे, आणि त्यातले बहुतेक माझे आजोबा नव्हते.

हे ऐकून नवरा म्हणाला, "लोकांना वाटेल तुझं डोकं फिरलंय." फिरलंच होतं, आणि त्याचंही. मस्कतच्या मवालेह भागातल्या आमच्या घरात दुपारची जेवणं आवरली की टीव्हीवर जुने काळेपांढरे अमेरिकन सिनेमे लागायचे. वाळवंटातले, हिंदुस्थानातले, नकाशात नसलेल्या कुठल्या तरी बेटांवरचे. मी जन्मभर इंडियन स्कूलमध्ये पोरांना गणित शिकवलं. प्रत्येक पायरीला कारण लिहा, नाहीतर मार्क कापीन, ही माझी ख्याती. तीच मी रिमोट घेऊन बसायचे आणि एखाद्या पगडीवाल्याला भिंतीशी उभं करून गोऱ्या शिपायांनी गोळी घातली, की चित्र थांबवायचे. माझे वडील खुर्ची ओढत पुढे जायचे, पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, "हा नाय. चल पुडं."

अब्बा तेव्हा नव्वदीला टेकले होते. सत्तरच्या दशकात ते ओमानला आले, इब्रा गावच्या सूकमध्ये, तिथल्या बाजारात, एका अर्बाबच्या म्हणजे ओमानी मालकाच्या हार्डवेअरच्या दुकानात उभं आयुष्य काढलं, आणि अम्मी गेल्यावर माझ्याकडे मस्कतला राहायला आले. माणूस कमी बोलणारा आणि त्याहून कमी मागणारा. कालवणात मीठ जास्त झालं तरी "बरा झालाय" म्हणून हात धुणारा. या माणसाने सबंध आयुष्यात माझ्याकडे एकच हट्ट केला. डोळ्यांच्या डॉक्टरने काचबिंदू सांगितला होता. उजवा डोळा गेलाच आहे, डावाही हळूहळू जाणार, थेंब टाकले तर फार तर थोडा उशिरा जाईल. गाडीत येऊन बसल्यावर अब्बा म्हणाले, "हा डोला हाय तवर मना माज्या बाचा तोंड बगायचा हाय."

बाचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं. मी किल्ली फिरवली नाही. अब्बा पोटात असताना त्यांचे वडील घर सोडून गेले होते, आणि त्यांचा चेहरा पाहिलेलं एकही माणूस आता जगात उरलेलं नव्हतं.

आमचं गाव रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी. तिथले पुरुष बोटीवर जायचे. आजोबा आगवाले होते, म्हणजे बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. लग्नानंतर जेमतेम एक पावसाळा ते घरी होते. मग बोट लागली, अमेरिकेच्या कुठल्या तरी बंदरात ते उतरले आणि परत चढले नाहीत. त्या काळी आमच्याकडे घरात तसबीर ठेवत नसत. ज्या घरात तसबीर असते तिथे फरिश्ते येत नाहीत, असं मानत. जहाजी माणसाजवळ नल्ली असते, त्याच्या नोकरीचं पुस्तक, आणि तिच्यावर फोटो असतो. पण ती त्यांच्या खिशातच गेली. उरली दादी, माझी आजी. ती तरी काय सांगणार? नव्या नवरीने नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची रीत नव्हती. लहानपणी मी तिला विचारलं होतं, दादी, दादा कसे दिसायचे? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मान्सासारके."

ते सिनेमात आहेत हे कळलं ते शेजारच्या वाडीतल्या एका जहाज्यामुळे. तो एके काळी आजोबांबरोबर एकाच बोटीवर होता. अब्बा नुकते शाळेत जायला लागले होते तेव्हा हा सुट्टीवर गावी आला आणि आमच्या ओटीवर बसून सांगू लागला, की एडनच्या बंदरात मी एक विलायती सिनेमा बघितला, त्यात आपला माणूस होता, अगदी तोच. गोऱ्या शिपायांनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि गोळी घातली. दादी दाराआड उभी होती. तिने विचारलं, "मेला?"

"नाय भाबी. तो खोटा मरन."

मग तिने विचारलं, "काय बोल्ला?"

जहाजी म्हणाला, "लय गलका होता. ऐकाला नाय आला."

हे सगळं अब्बांनी खांबाला धरून ऐकलेलं, आणि मला इतक्यांदा सांगितलेलं की मीही तिथे होते असं मला वाटतं. सिनेमा ही आमच्याकडे नाव काढण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून गावात सांगायचं ते अमेरिकेला कारखान्यात आहेत असं. नवरा मेल्याची खबर नाही, तर विधवेची इद्दत कसली पाळणार? दादीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या शेवटपर्यंत हातातच राहिल्या. ती गेली तेव्हा मय्यतीला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, देणाऱ्या बायकांनी त्या साबण लावून उतरवल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, जवळ उभी होते. आजोबांचा राग मला त्या दिवसापासून आहे, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

म्हणून मी गाडीतच अब्बांना म्हटलं, ज्याने तुमचं तोंड बघितलं नाही, त्याचं तोंड तुम्ही कशाला बघता? ते म्हणाले, "त्याचा त्याच्या संगती. मना बगायचा हाय." नवऱ्याला मात्र कल्पना भलतीच आवडली. मत्रहला त्याचं मसाल्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून दमल्यावर त्याला घरी सिनेमा लागतो, कुठलाही चालतो. तो म्हणाला, "तुमच्या घराण्यात अ‍ॅक्टिंग आहे, हे मला लग्नाआधीच सांगायला हवं होतं."

सुरुवातीला वाटलं, सोपं आहे. एवढे जुने सिनेमे आता इंटरनेटवर फुकट पडलेले असतात. लावायचा, नावांच्या यादीत आजोबांचं नाव बघायचं, खलास. पण त्या सिनेमांत यादी म्हणजे नायक, नायिका, खलनायक आणि नायकाचा विनोदी मित्र. भिंतीशी मरणाऱ्याला नाव नसे. पुढे हौशी लोकांनी शोधून शोधून लांबलचक याद्या केल्या आहेत, त्यांत फार तर काम लिहिलेलं सापडतं. पहारेकरी. दुसरा अरब. खेड्यातला माणूस. प्रेत.

मी त्या धंद्याबद्दल वाचायला लागले, आधी चिडून आणि मग सवयीने. सकाळी म्हणे स्टुडिओच्या फाटकाबाहेर माणसं उभी राहत आणि आतून कोणी येऊन बोट दाखवी, तू ये, तू ये, बाकीचे घरी जा. ज्याचा वर्ण सावळा त्याचं काहीही करता येई. या आठवड्यात अरब, पुढच्या आठवड्यात पठाण, त्याच्या पुढच्या आठवड्यात गळ्यात हाडांची माळ घातलेला नरभक्षक. पण ज्या सावळ्या माणसाला गोष्टीत काही बोलायचं असे, नायकाशी दोस्ती नाहीतर दुश्मनी करायची असे, तो मात्र गोराच असायचा, तोंडाला तपकिरी रंग फासलेला. खरा सावळा त्याच्या मागे भाला धरून उभा. असं करत माणसांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली. गाजलेल्या सिनेमात ते असत आणि त्यांच्या शेजाऱ्यालाही त्यात दिसत नसत. वय झालं की तरुण प्रेताऐवजी म्हाताऱ्या प्रेताचं काम मिळे, एवढीच बढती. याला करियर म्हणायचं असेल तर म्हणा.

हळूहळू मला ती माणसं ओळखू यायला लागली. एक मिशीवाला, नेहमी उंटाची दोरी धरलेला. एक बुटका, गोळी लागली की दर वेळी कॅमेऱ्याकडे पाठ करूनच पडायचा. मला आधी वाटलं ही त्याची सवय असेल. मग कळलं की तोंड दिसलं तर पुढच्या लढाईत त्याला पुन्हा जिवंत उभं करता येणार नाही, म्हणून तसं पडायला सांगत. एकाच लढाईत तो दोन्ही बाजूंनी मेलेला मी पाहिला आहे. अब्बा त्याला बघून "बिचारा" म्हणायचे आणि मी तेवढ्यात चहा ठेवून यायचे.

मग उंच माणूस सापडला.

कुठल्या तरी अमिराच्या तंबूत तो कॉफी घेऊन येतो, गुडघा वर घेऊन जमिनीवर बसतो, आणि तळहाताने दाढी खाली ओढत नायकाला काही तरी सल्ला देतो. अब्बा खुर्चीतून उठले. पडद्याच्या इतके जवळ गेले की मला पडदा दिसेना. मग म्हणाले, "बाय, हा हाय."

"कशावरून?"

"नाक बग. आय सांगायची, तुजा नाक बाचा हाय."

मी नाक बघितलं. नाकासारखं नाक होतं. पण अब्बांच्या चेहऱ्यावर जे काही आलं होतं ते मी आजवर पाहिलेलं नव्हतं, आणि माझ्याच्याने दुसरं कारण विचारवलं नाही. त्यानंतर आमच्या घरात उंच माणसाचं राज्य सुरू झालं. त्याचे जेवढे सिनेमे सापडले तेवढे लागले. एकात तो वजीर होता, एकात विश्वासघातकी वाटाड्या, एकात फकीर. अब्बा डावा डोळा पडद्याला लावून त्याच्याबरोबर फिरायचे. चांगलं काम केलं की मान डोलवायचे. वाटाड्याने नायकाला दगा दिला तेव्हा दोन दिवस घुश्शात होते आणि मग स्वतःच म्हणाले, "पोटासाटी करावा लागतो." शुक्रवारी मशिदीत त्यांनी ही गोष्ट सांगून टाकली. जन्मभर कारखाना कारखाना म्हणत लपवलेली गोष्ट, तीही मशिदीत. ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडचे दोन म्हातारे शिरखुर्मा खायला आणि सिनेमा बघायला आले. दोघांनी माशाल्ला म्हटलं. एक म्हणाला, नाक तर हुबेहूब. त्याने स्वतः चष्मा आणलेला नव्हता. उंदराला मांजर साक्ष, असं मी स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हटलं, आणि त्याने मला गप्प केलं.

मला एक गोष्ट खुपत होती. हा उंच माणूस बोलत फार होता. पानपानभर बोलत होता. मी जेवढं वाचलं होतं त्यात खऱ्या सावळ्या माणसाला एवढं बोलू देत नव्हते. शेवटी मी शोधलं, आणि शोधायला अर्धा तासही लागला नाही, कारण त्याची माहिती सगळीकडे होती. शेतकऱ्याचा मुलगा, आधी सर्कशीत होता, मग नाटकात, मग सिनेमात. रंग न लावलेला एक फोटोही होता. हॅट घातलेला, उन्हात डोळे बारीक केलेला, भुऱ्या केसांचा गोरा माणूस.

मी त्याच दुपारी सांगितलं. खोट्या बेरजेवर पुढचं गणित सोडवत बसायचं मला जमत नाही. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, "रंग लावलेला?"

"हो."

"नाकाला पन?"

"नाक त्याचाच हाय, अब्बा."

त्यांनी टीव्ही बंद करायला सांगितला. आणि मी बंद केल्यावरही ते त्याच्याकडेच बघत राहिले, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चालू आणि बंद यातला फरक त्यांना आता फारसा कळत नव्हता. खिडकीचा उजेड कळायचा, समोर कोणी उभं आहे एवढं कळायचं. डाव्या डोळ्यात जे होतं नव्हतं ते सगळं त्यांनी एका परक्या गोऱ्याचं तोंड बघण्यात घालवलं होतं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखाने नाही, रागाने. ज्याच्यावर राग होता तो भिंतीशी उभं राहून केव्हाच मेलेला होता, तोही खोटा खोटा.

पुढे बरेच दिवस टीव्ही बंदच होता. अब्बांचे दिवस बांग ते बांग जायचे. मधल्या वेळात ते खुर्चीच्या हातावर बोटं फिरवत बसायचे. मशिदीतले म्हातारे भेटायला आले तर झोपलोय म्हणून सांग, म्हणायचे. एक दिवस आपणहून म्हणाले, "ते लाव."

"काय लावू?"

"ते मारामारीचा. ऐकतंव."

म्हणून मी रेडिओसारखे सिनेमे लावायला लागले. मी बघत नव्हते, थांबवत नव्हते. एक संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. अब्बांना दुकानापुरतं इंग्रजी यायचं, पण त्यांना गोष्टीशी कर्तव्य नव्हतं. घोडे, बिगुल, बंदुका. घरात कोणी तरी आहे एवढ्यापुरतं ते बरं होतं, असं मी समजत होते.

त्या दुपारी नवऱ्याने मत्रहच्या मासळीबाजारातून सुरमई पाठवली होती आणि मी तिचे तुकडे करत होते. बाहेरून अब्बांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण असा होता की मी सुरी हातात घेऊनच धावले. ते उभे होते. भिंतीला धरून उभे होते.

"मागं घे," ते म्हणाले. "मागं घे, बाय."

हात माशाने बरबटलेले, रिमोट धरवेना. मागे नेलं, आणि मीही उभ्याउभ्याच बघितलं. एक किल्ला, अंगणात ऊन. शिपाई एका कैद्याला आणून भिंतीसमोर उभं करतात. नायक, म्हणजे गोरा अधिकारी, तरणाबांड आणि दुःखी, त्याला विचारतो की मरण्याआधी काही बोलायचं आहे का. तिथे कॅमेरा कैद्याच्या मागे आहे. दिसतो तो अधिकाऱ्याचा चेहरा, त्याच्या कपाळावरचा घाम, त्याचे ओले डोळे. कैद्याची नुसती पाठ दिसते, बांधलेले हात, आणि पगडीचा सुटलेला शेव. आणि ती पाठ बोलते.

"मना मारून टाक. माज्या मागं रडाला कोनी नाय. बायको नाय, पोर नाय. मार मना."

मस्कतच्या माझ्या दिवाणखान्यात, अमेरिकेच्या सिनेमातून, आमच्या खाडीची बोली. बाजारातली नाही, मुंबईची नाही. आमच्याच काठाची, शब्दाचं शेपूट ओढत बोलायची. अधिकारी शेजारच्या दुभाष्याला विचारतो, हा काय म्हणतोय? दुभाष्या, तोही रंग लावलेला, म्हणतो: हा म्हणतो, याचा देव तुमचा सूड घेईल. अधिकारी मान खाली घालतो. मग गोळ्या. पाठ खाली जाते आणि पुन्हा अधिकाऱ्याचा चेहरा.

अब्बांनी विचारलं, "तोंड दिसतो?"

"नाय, अब्बा. पाठ दिसते."

"पडल्यावर?"

मी पुन्हा मागे नेऊन बघितलं. मग अगदी सावकाश, एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. पडताना तो पालथा झाला होता, तोंड मातीत. सांगितलं असेल तसं पडला होता. "नाय," मी म्हटलं.

ते खाली बसले. मला वाटलं आता रडतील, पण ते विचार करत होते. मी गणिताची बाई, मी कारणं शोधायला लागले. आमच्या काठाचे आणखीही कोणी तिकडे उतरले असतील, हा तेच कशावरून? पण भिंत होती, गोरे शिपाई होते, जहाज्याने सांगितलं तसंच सगळं होतं. मग मी दुसरीकडून सुरुवात केली. म्हटलं, अब्बा, हा डायलॉग हाय. सिनेमातला कैदी बोलतोय, दादा नाय बोलत.

"कोनी लिवून दिला?" अब्बा म्हणाले. "तिते कोनाला येत होती आपली बोली?"

मी वाचलेलं होतं तेच तर होतं हे. असल्या माणसांना वाक्यं लिहून देत नसत. तुमच्या भाषेत काही तरी बोला म्हणून सांगत, ते कोणाला कळणार नसायचंच.

"नाटक तर करत होते ना," मी म्हटलं. "मरणारा माणूस काहीही बोलतो."

"मरनारा मानूस जीव वाचवतो." अब्बा सावकाश बोलत होते, सूकमध्ये एखाद्याला भाव समजावून सांगावा तसे. "खोटाच बोलायचा होता, तर मना पोर हाय, सोडा, असा बोल्ला असता. समदे तेच बोलतात. मी पन तेच बोल्लो असतो. तो नाय बोल्ला."

सुरमई ओट्यावर तशीच पडली होती आणि मांजर खिडकीत येऊन बसलं होतं. मला आठवला तो जहाजी. तो आमच्याच काठचा. तोंड तर दिसत नाही, म्हणजे त्याने आवाजावरूनच ओळखलं असणार, आणि त्याला अक्षर न् अक्षर कळलं असणार. एडनच्या थिएटरात बसून त्याने ऐकलं असणार की बायको नाही, पोर नाही. मग बोट धरून गावी आला, आमच्या ओटीवर बसला, आणि समोर ते पोर खांबाला धरून उभं, बायको दाराआड उभी. गलका होता, ऐकायला नाही आलं. मी हे अब्बांना म्हटलं नाही. पण थोड्या वेळाने तेच म्हणाले, "त्याला ऐकाला आला होता." आणि मग, "भला मानूस."

संध्याकाळी नवरा दुकान बंद करून आला. त्यालाही दाखवलं. त्याने एकदाच बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा सिनेमा मध्येच बंद केला. जेवताना त्याने हलकेच विषय काढला, की आपण शाफई पंथाचे, आपल्यात गायबाना जनाजाची नमाज होते. माणूस दूर मेला, मय्यत समोर नाही, तरी पढता येते. एवढी वर्षं झाली, आता ते हयात नाहीत हे तर उघडच आहे. शुक्रवारी मी मौलवींशी बोलतो. अब्बांनी भाताचा घास हातात धरला होता. ते म्हणाले, "नको. आताच तर गावलाय."

त्यांना तो प्रसंग रोज हवा असायचा. मी नको म्हणायचे. काय ऐकायचं आहे त्यात, म्हणायचे. तुम्हाला अल्लाने आई दिली होती, बायको दिली, मला दिलं, आणि तुम्ही त्याचं हे ऐकत बसणार? मी मोठ्याने बोलायचे. शेजारच्या ओमानी बाईने एकदा भिंतीवरून विचारलं, सगळं ठीक आहे ना? अब्बा माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "काय बोल्ला ते जाऊं दे. आवाज ऐकतंव." शेवटी माझाच धीर सुटला. रिमोटवर कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते मी त्यांच्या बोटांना शिकवलं, म्हणजे मला तिथे थांबायला नको. दुपारी मी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचे आणि मिक्सर लावायचे.

गेल्या आठवड्यात मिक्सर मध्येच बंद पडला. दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेर अधिकारी विचारत होता, काही बोलायचं आहे का. मग ती पाठ बोलली. मना मारून टाक. माज्या मागं रडाला कोनी नाय. बायको नाय, पोर नाय.

आणि त्याच बोलीत, लहान पोराने मोठ्यांच्या मध्ये बोलावं तसं घाईघाईने, माझ्या नव्वदीच्या बापाने उत्तर दिलं.

"हाय, बा. मी हाय."

मग गोळ्या झाल्या. मग अब्बांनी बटण दाबून मागे घेतलं, अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं, आणि ते पुन्हा म्हणाले, या वेळी जरा लवकर, गोळ्यांच्या आधी पोचेल असं.